पास्त्यासाठी खिम्याचा घरगुती सॉस

नंदुरबार, शहादा, तळोदा वा नवापूर येथील कोणत्याही बऱ्यापैकी किराणा दुकानात गेले असता डाळी, पोहे, रवा आणि शेवया यांच्या शेजारी आता पास्त्याची पुडकीही मांडलेली दिसतात, आणि त्या पुडक्यांना लागूनच, एकावाचून दुसऱ्याचा उपयोग नाही अशा रीतीने, तयार सॉसच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. पुडके अवश्य घ्यावे. घरातील मुले ज्या पदार्थाचा आग्रह धरतात तो त्यांना घरीच, आपल्या देखरेखीखाली आणि आपल्या स्वयंपाकाच्या शिस्तीने तयार झालेला मिळावा, यात गैर असे काहीच नाही. बाटली मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या जिल्ह्यात हिवाळ्याच्या दिवसांत लाल मिरचीचे गालिचे मैदानेच्या मैदाने व्यापून उन्हात पसरलेले असतात, जेथे लसूण, कांदा, टोमॅटो आणि शेंगदाण्याचे तेल हे सर्व जिन्नस आठवडे बाजारात मुबलक मिळतात, आणि जेथील खाटीक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ताजा खिमा करून देतो, तेथील माणसाने साखर व स्टार्च यांनी दाट केलेला, मांसाचा अंशही नसलेला रस दाम मोजून आणावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. या सॉसला कौशल्य फारसे लागत नाही. लागतो तो दीड-दोन तासांचा निवांतपणा आणि मसाल्याच्या डब्याकडे वारंवार जाणाऱ्या हातावर थोडा ताबा.

सॉसचे कूळ कोणते हे आधी पाहू, कारण त्यातूनच त्याच्या कृतीचे पुष्कळसे मर्म उलगडते. उत्तर इटलीतील बोलोन्या या शहरात मांसाच्या या सॉसला ‘रागू’ म्हणतात. पेल्लेग्रीनो आर्तुसी यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या सुविख्यात पाकग्रंथात बोलोन्याच्या पद्धतीची म्हणून जी मॅकरोनी दिली आहे, तीत टोमॅटोचा थेंबही नाही. वासराचे मांस, थोडी चरबी, लोणी, कांदा, गाजर, सेलरी आणि मांसाचा अर्क एवढ्यावरच तिचे सारे भागते. पुढे १७ ऑक्टोबर १९८२ रोजी इटालियन पाककला अकादमीने या सॉसची प्रमाणभूत कृती ठरवून ती बोलोन्याच्या व्यापारी मंडळाच्या दप्तरी रीतसर दाखल केली, आणि २० एप्रिल २०२३ रोजी तीत कालानुरूप दुरुस्त्या करून ती पुन्हा नोंदवली. १९८२ च्या त्या दस्तऐवजात ३०० ग्रॅम गोमांस आणि त्याच्या निम्मे डुकराचे खारवलेले मांस यांना टोमॅटोचा सॉस अवघा पाच चमचे सांगितला आहे; त्याशिवाय पेलाभर दूध आणि अर्धा पेला मद्य. एका शहराने आपल्या घरगुती सॉसची नोंद सरकारी कागदासारखी जपून ठेवावी, ही गोष्ट मला फार आदरणीय वाटते. आपल्याकडे काळ्या मसाल्याचे प्रमाण घरागणिक बदलते आणि सासूबरोबरच पुष्कळदा लोप पावते. त्याची अशी नोंद कोणी केली तर बरे होईल.

या नोंदीतून आपण घ्यावयाचा बोध असा, की या सॉसमध्ये मांस हे प्रधान असून टोमॅटो हा त्याचा साहाय्यक आहे, आणि रश्शाप्रमाणे पाणी वाढवणे हा येथे दोष ठरतो. तथापि आपण बोकडाचे मटण वापरणार, त्याला स्वतःचा असा उग्र गंध असतो आणि तो थोड्या अधिक आंबटपणाने सौम्य होतो, म्हणून टोमॅटोच्या बाबतीत बोलोन्याचा शिरस्ता आपण खुशाल मोडावा. मद्याची आवश्यकता नाही.

पाच माणसांना पुरेल असा सॉस करावयाचा तर अर्धा किलो खिमा घ्यावा. तो आयता करून ठेवलेला घेऊ नये. खाटकाकडे खांद्याचे मांस मागावे, कारण मांडीचे मांस अधिक कोरडे असते आणि दीर्घ काळ शिजल्यावर त्याचे कण रेतीसारखे लागतात. खांद्याच्या मांसात चरबी आणि चिवट पेशीजाल या दोहोंचेही प्रमाण बरे असते, आणि हेच पेशीजाल मंद आचेवर विरघळून सॉसला तो चिकट, तुकतुकीत दाटपणा देते जो कोणत्याही पिठाने साधत नाही. खिमा यंत्रात करणार असल्यास जाड जाळी लावावयास सांगावे. सुऱ्याने हाताने कापलेला खिमा मिळाला तर त्याहून उत्तम. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. आपल्या घरांतून मटण धुऊन घेण्याची वहिवाट आहे, ती योग्यच आहे. परंतु खिमा झाल्यानंतर तो धुतला तर त्याच्या असंख्य कणांत पाणी जाऊन बसते, आणि मग तो परतला जाण्याऐवजी नुसता उकडला जातो. म्हणून तुकडे आधी धुऊन, फडक्याने टिपून, मगच यंत्रात घालावयास सांगावे. नेहमीचा खाटीक एवढी विनंती मान्य करतो. त्याच वेळी पाव किलो हाडे मागून घ्यावीत. घरी आल्यावर ती मीठ, चिमूटभर हळद आणि पाणी घालून कुकरमध्ये शिजवली की जे अळणी पाणी निघते, त्याच्या दोन वाट्या पुढे उपयोगी पडतात.

आता मिरचीविषयी, आणि येथे मी वाचकांचा थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण हा विषय या जिल्ह्याचा आहे. दसऱ्याच्या सुमारास ओल्या लाल मिरचीच्या गाड्या नंदुरबारच्या बाजार समितीत येऊ लागतात, आणि व्यापारी ती विकत घेऊन शहराभोवतीच्या मोकळ्या जागांवर वाळत घालतात. या जागांना ‘पथारी’ म्हणतात. तेथे दिवसभर उन्हात बसून स्त्रिया मिरचीचे देठ खुडतात, आणि अवकाळी पाऊस आला तर पथारीवरचा माल भिजून त्याचा रंग जातो व सगळ्यांच्याच कष्टांची माती होते. पथारीवरून किंवा बाजारातून मिरची घ्यावयाची झाल्यास देठाजवळ काळसर न पडलेली, पांढरे डाग नसलेली आणि हातात घेऊन हलवली असता आतील बिया खुळखुळणारी अशी घ्यावी. डाग हे पुष्कळदा ओलीत आलेल्या बुरशीचे चिन्ह असते, आणि बुरशीची मिरची स्वस्त मिळाली तरी ती पोटात जाता कामा नये.

पास्त्याच्या सॉसमध्ये मिरचीचे काम रंग आणि सुगंध देण्याचे आहे. जाळ होणे हे तिचे येथले कर्तव्य नव्हे. म्हणून जातींपैकी कमी तिखट व गडद रंगाची निवडावी, आणि पूड घालण्याऐवजी चार मोठ्या सुक्या मिरच्या घेऊन त्या उभ्या चिराव्यात, आतील बिया आणि बियांना धरून असलेल्या पांढरट शिरा काढून टाकाव्यात, व उरलेली सालपटे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून मऊसर वाटून घ्यावीत. तिखटपणा बियांतच असतो असा समज सर्वत्र रूढ आहे, परंतु खरे पाहता तो मुख्यत्वे त्या शिरांमध्ये निर्माण होतो, आणि बियांना तो केवळ त्यांच्या सान्निध्याने लागतो. म्हणून बिया झटकून शिरा तशाच ठेवणाऱ्याला आपली मिरची इतकी तिखट कशी, याचे कोडे उलगडत नाही. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा उतरत नाही. यास्तव हे वाटण टोमॅटोच्या रसात ढकलून न देता त्याआधी तेलात परतणे आवश्यक आहे. पूडच वापरावयाची असेल तर एक लहान चमचा पुरे, आणि ती तापलेल्या कोरड्या तेलात कधीही टाकू नये, कारण क्षणार्धात ती करपते आणि तिचा कडवटपणा मग दोन तास शिजवूनही जात नाही. टोमॅटो आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातून पंधराव्या-सोळाव्या शतकांत जुन्या जगात आली, तेव्हा इटलीच्या स्वयंपाकघरात मिरची परकी आणि आपल्या स्वयंपाकघरात टोमॅटो परका, असा भेद करण्यास कोणालाच फारशी जागा उरत नाही.

बाकीच्या जिन्नसांची यादी थोडक्यात देतो. दोन मध्यम कांदे, एक गाजर, लसणाच्या सहा पाकळ्या, अर्धा किलो पूर्ण पिकलेले टोमॅटो, तीन मोठे चमचे शेंगदाण्याचे तेल, अर्धी वाटी दूध, अर्धा लहान चमचा मिऱ्यांची भरड पूड, चिमूटभर जायफळ, अर्धे तमालपत्र आणि चवीप्रमाणे मीठ. सेलरी नंदुरबारच्या बाजारात सहसा मिळत नाही, आणि तिच्यासाठी सुरतेला माणूस धाडण्याचेही कारण नाही. कोथिंबिरीची जाड देठे, जी आपण एरवी टाकून देतो, ती मूठभर बारीक चिरून घालावीत आणि सोबत चार-पाच ओव्याचे दाणे चुरडून टाकावेत. सेलरी, कोथिंबीर, ओवा आणि गाजर ही सारी एकाच वनस्पतिकुळातील भावंडे आहेत, त्यामुळे हा बदल केवळ नाइलाजाचा न राहता सुसंगत ठरतो. तमालपत्र अर्धेच सांगितले याचे कारण, आपले तमालपत्र दालचिनीच्या कुळातले असून युरोपातील तत्सम पानाहून त्याचा गंध निराळा आणि अधिक ठळक असतो. गरम मसाला, काळा मसाला, धनेजिऱ्याची पूड आणि खोबऱ्याचे वाटण यांना येथे मज्जाव आहे. हे सर्व पदार्थ आपापल्या ठिकाणी थोर आहेत, खान्देशी मटणाचा रस्सा तर त्यांच्यावाचून होणेच शक्य नाही, परंतु ते या सॉसमध्ये शिरले की तयार होतो तो खिमा-मसाला, आणि त्याला पास्त्याची नव्हे, भाकरीची संगत हवी असते.

भांडे जाड बुडाचे आणि पसरट असावे. लोखंडी कढईत खिमा परतण्यास हरकत नाही, किंबहुना तिच्यात तो अधिक खरपूस होतो. मात्र टोमॅटो घालण्यापूर्वी सारा ऐवज स्टीलच्या पातेल्यात काढावा, कारण टोमॅटोतील आम्ल लोखंडाशी आणि ॲल्युमिनियमशी संयोग पावून सॉसला धातूची चव आणते. प्रथम दोन चमचे तेल तापवून त्यात अगदी बारीक चिरलेला कांदा, किसलेले गाजर आणि कोथिंबिरीची देठे घालावीत, चिमूटभर मीठ टाकावे, व मंद आचेवर, कांद्याला तपकिरी रंग येऊ न देता, तो पारदर्शक आणि गोडसर होईपर्यंत, म्हणजे साधारण पंधरा मिनिटे, परतत राहावे. आपल्याला कांदा लाल करण्याची सवय आहे. ती येथे आवरावी. शेवटच्या मिनिटाला ठेचलेला लसूण घालावा, त्याचा वास दरवळला की मिरचीचे वाटण घालून तेलावर लाल तवंग येईपर्यंत परतावे, आणि हे सर्व एका ताटलीत काढून ठेवावे.

त्याच भांड्यात उरलेले तेल घालून आच मोठी करावी आणि खिमा दोन वेळा मिळून, अर्धा अर्धा, परतून घ्यावा. एकदम सारा खिमा घातला तर भांडे थंड पडते, मांसाचे पाणी सुटते आणि ते पाणी आहे तोवर भांड्यातील उष्णता शंभर अंश सेल्सिअसच्या वर चढू शकत नाही; मांसाला जो खरपूस रंग आणि स्वाद येतो, तो मात्र सुमारे एकशे चाळीस अंशांच्या पुढे, म्हणजे पाणी आटून गेल्यावरच येऊ लागतो. म्हणून पाणी दिसत असताना घाई करू नये. ते पूर्ण आटेल, भांड्यातील खदखदणारा आवाज बदलून चुरचुर ऐकू येऊ लागेल, तेव्हा कालथ्याने गुठळ्या फोडाव्यात, आणि मग दोन-तीन मिनिटे तो मुळीच न हलवता बुडाशी तांबूस होऊ द्यावा. भांड्याच्या तळाशी जो तपकिरी थर चिकटतो, तो खरवडून टाकावयाचा नसून त्याचेच रूपांतर पुढे सॉसच्या चवीत व्हावयाचे असते. खिम्याचा दुसरा भाग तयार झाला की अर्धी वाटी अळणी पाणी घालून तो थर लाकडी कालथ्याने सोडवून घ्यावा. सबंध कृतीत एखाद्या ठिकाणी मन एकाग्र करावयाचे असेल तर ते येथे करावे.

यानंतर सगळा खिमा व ताटलीतील भाज्या एकत्र करून त्यात दूध घालावे, आणि ते जवळजवळ आटेपर्यंत मध्यम आचेवर शिजवावे. दुधाने मटणाचा उग्रपणा कमी होतो आणि कण मऊ राहतात. ते टोमॅटोच्या आधी घालणे महत्त्वाचे आहे, कारण टोमॅटोच्या आम्लात दूध पडले तर ते फाटते. मांसासह दूध वर्ज्य मानणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि तो विधिनिषेध पाळावयाचा असेल तर दूध निःसंकोच वगळावे, त्याऐवजी अळणी पाणी थोडे अधिक घालावे. सॉस किंचित कमी मुलायम होईल, परंतु त्याने काही बिघडत नाही.

टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून साली काढाव्यात व हाताने कुस्करून घालावेत. हिवाळ्यात ते स्वस्त आणि रसाळ असतात. पावसाळ्याच्या तोंडाशी मात्र त्यांचे भाव चढतात आणि चवही पांचट होते. अशा वेळी टोमॅटो निम्म्यावर आणावेत आणि उरलेला आंबटपणा धडगाव व मोलगी भागातून येणाऱ्या आमचुराच्या दोन चिमटींनी भरून काढावा. सातपुड्यातील आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, फोडी वाळवून हा आमचूर तयार करतात, आणि त्याचा आंबटपणा लिंबाहून अधिक गोलसर व टिकाऊ असतो. तो मात्र शेवटच्या दहा मिनिटांतच घालावा. टोमॅटो आंबट लागले म्हणून साखर घालण्याचा मोह अनेकांना होतो; गाजर त्यासाठीच घातलेले आहे, त्याला त्याचे काम करू द्यावे.

टोमॅटो, तमालपत्र, मिरपूड, ओवा, मीठ आणि एक वाटी अळणी पाणी घातल्यावर एकदा उकळी येऊ द्यावी, आच अगदी बारीक करावी, झाकण तिरपे ठेवावे, आणि दीड ते दोन तास सॉसला त्याच्या कामावर सोडून द्यावे. गॅसची लहानात लहान ज्योतही मोठी वाटत असेल तर पातेल्याखाली लोखंडी तवा ठेवावा. पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटावा, इतकीच हालचाल हवी. दर पंधरा-वीस मिनिटांनी ढवळावे, कोरडे पडू लागले तर अळणी पाण्याची भर घालावी. ज्यांना एवढा अवकाश नाही त्यांनी कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या काढण्यास मुभा आहे, परंतु बंद कुकरमध्ये बाष्प बाहेर जात नाही, त्यामुळे मटण शिजते आणि सॉस पातळच राहतो. तो झाकण काढून पुढे निदान अर्धा तास आटवावाच लागतो. सॉस सिद्ध झाल्याची खूण अशी, की कालथा तळावरून ओढला असता मागे पडलेली वाट क्षणभर तशीच राहते आणि कडेला तांबूस तर्री सुटते. ही तर्री फार झाली असेल तर चमच्याने काढून ठेवावी. दुसऱ्या दिवशीच्या अंड्याला ती कामास येते. जायफळ अगदी शेवटी किसून घालावे.

मटणाऐवजी कोंबडीचा खिमा वापरणाऱ्यांनी शिजण्याची मुदत पाऊण तासावर आणावी. कोंबडीच्या संदर्भात या जिल्ह्याला एक कटू स्मरण आहे: फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूर येथेच निष्पन्न झाला, लक्षावधी पक्षी नष्ट करावे लागले, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत तेथील कुक्कुटपालकांवर तेच संकट पुन्हा आले. त्या काळात आरोग्यखात्याने जे सांगितले ते सदासर्वदा लक्षात ठेवण्याजोगे आहे: मांसाच्या सर्व भागांत सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता पोहोचली की तो विषाणू जिवंत राहत नाही. खिम्याच्या बाबतीत ही दक्षता अधिकच हवी, कारण अखंड तुकड्याच्या केवळ पृष्ठभागावर असणारे जंतू खिमा होताना त्याच्या कणाकणांत मिसळतात. आपला सॉस, कोंबडीचा असला तरी, निदान पाऊण तास उकळत असल्याने तेथे भय नाही. कच्चा खिमा हाताळलेली पाटी व सुरी मात्र इतर भाज्यांना लावण्यापूर्वी साबणाने धुवावीच.

पास्त्याविषयी थोडेच सांगावयाचे आहे, पण ते नेमके पाळावे. माणशी ऐंशी ग्रॅम कोरडा पास्ता पुरतो. शंभर ग्रॅमला एक लिटर या हिशेबाने पाणी उकळावे, दर लिटरमागे दोन लहान चमचे मीठ घालावे, आणि पुडक्यावर लिहिलेल्या मुदतीपेक्षा मिनिटभर आधीच पास्ता उतरवावा. उकळत्या पाण्यात तेल घालण्याची जी पद्धत पडली आहे तिने पास्ता बुळबुळीत होऊन सॉस त्याला धरत नाही. तसेच उकडलेला पास्ता थंड पाण्याने धुऊ नये, कारण त्याच्या अंगावरील पिठूळ अंश हाच सॉसला बांधून ठेवणारा असतो. त्या पाण्यातले वाटीभर पाणी राखून ठेवावे, पास्ता सरळ सॉसच्या भांड्यात घालावा, आणि लागेल तसे ते पाणी शिंपडत दोन मिनिटे मोठ्या आचेवर हलवावा. पास्त्यावर सॉस ओतून वाढण्याची जी रीत उपाहारगृहांतून दिसते, ती मला मुळीच मान्य नाही. तिच्यात वरचे घास जड आणि खालचे अळणी राहतात.

खिम्याच्या सॉसला बारीक सुतासारखी स्पॅगेटी फारशी मानवत नाही. बोलोन्यात तो रुंद फितीसारख्या तालियातेल्ले नावाच्या पास्त्याबरोबर खातात. आपण नळीसारखा पेन्ने घ्यावा, त्याच्या पोकळीत खिमा बसतो. आपल्या शेवयांवर हा सॉस घालून पाहण्याची कल्पना कोणासही सुचेल, परंतु त्या इतक्या बारीक असतात की सॉसमध्ये पडताच त्यांचा लगदा होतो. त्यापेक्षा ज्यांच्या हाताला वरणफळांची सवय आहे त्यांनी पास्ता घरीच करावा: दोनशे ग्रॅम बारीक रवा आणि दोनशे ग्रॅम गव्हाचे पीठ, चिमूटभर मीठ आणि बेताचे कोमट पाणी घेऊन पुरीच्या पिठाहूनही घट्ट कणीक मळावी, अर्धा तास झाकून ठेवावी, पुन्हा मळून पातळ पोळ्या लाटाव्यात, बोटाएवढ्या रुंदीच्या फिती कापून त्या रवा भुरभुरलेल्या फडक्यावर अर्धा तास सुकू द्याव्यात, आणि उकळत्या मिठाच्या पाण्यात तीन-चार मिनिटे शिजवाव्यात. परदेशी पास्त्याचा गहू कठीण जातीचा असतो. आपल्याकडील बन्सी गहूही त्याच वर्गातला आहे, आणि त्याचा रवा मिळाला तर या फिती उत्तम चिवटपणा धरतात.

किसलेले चीज वरून घालावयाचे असल्यास माफक घालावे. साधे प्रक्रिया केलेले चीज खारट असते, ते घालणार असाल तर सॉसमधील मीठ आधीच कमी ठेवावे. नसेल तर लोण्याचा एक गोळा शेवटी ढवळून मिसळला तरी पुरते.

हा सॉस दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो, म्हणून दुप्पट करण्यास हरकत नाही, परंतु साठवणीचा बंदोबस्त नीट असावा. नंदुरबारच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि शिजवलेले मांस अशा हवेत एका तासाहून अधिक काळ बाहेर राहणे धोक्याचे आहे. यास्तव सॉस पसरट भांड्यात ओतून, ते भांडे पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववावा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. तेथे तो तीन दिवस टिकतो, बर्फाच्या कप्प्यात दोन महिने. वीज दीर्घ काळ गेली असेल तर वासाची परीक्षा न घेता तो टाकून द्यावा. उरलेल्या सॉसला पास्ताच हवा असे नाही: तापीकाठच्या दादर ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर, शेजारी कच्चा कांदा ठेवून, तो दुसऱ्या दिवशी दुपारी खावा. लागेल तेवढाच भाग काढून खळखळून उकळी येईपर्यंत तापवावा, आणि एकदा तापवलेला सॉस पुन्हा साठवू नये.